विचारा आपल्या ताईले

आठ मार्चच्या बॅनरसाठी गावाच्या ग्रुपवर इतिहास बदलणाऱ्या दहा बायकांची यादी फिरतेय. क्लिओपात्रा, जोन ऑफ आर्क, मेरी क्युरी, आणि राणी व्हिक्टोरिया सुद्धा!! आपल्याकडच्या जिजाऊ आणि सावित्रीबाई, बस, आणि त्यातही कोणाचा फोटो वर घ्यायचा यावरून भांडण. त्यात माझ्या चुलतभावाने लिहिलं, "बायकाईचे हक्क हे सगळं तिकडूनच आलं, आपल्याकडं तं आत्ता कुठं समजून राह्यलं. विचारा आपल्या ताईले."

ताई म्हणजे मी. विचारलंच आहे तर सांगते.

मी राहते स्वित्झर्लंडमधल्या अपेंझेलमध्ये. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात लांड्सगेमाइंडे, म्हणजे मतदारांची उघडी सभा भरते, हात वर करून मतदान, आणि बरेचसे पुरुष अजूनही कमरेला तलवार लावून येतात. त्या चौकात बायकांना हात वर करायला मिळाला १९९१ साली! १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा पुरुषांनी नाहीच म्हटलं होतं, पण थेरेसा रोहनर नावाची बाई कोर्टात गेलेली होती, तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या तक्रारीवर नोव्हेंबरात निकाल लागला की बायकांना घ्यावंच लागेल. देशपातळीवर मत मिळालं तेही १९७१ ला. तेव्हा आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, आणि माझी आजी, जिला सही येत नव्हती, ती पहिल्या निवडणुकीपासून मत टाकत होती. इथल्या बाया मला कॉफीवर काळजीच्या सुरात विचारतात ना की तुमच्याकडे बायकांचं कसं असतं, तेव्हा मी हे साल काढते, मजा येते खरं म्हणजे. सरपंचबाईचा नवराच ग्रामसभा चालवतो हे मात्र मी तेव्हा सांगत नाही.

आणि यादीवाल्यांनो, बुलढाणा जिल्ह्याचे ना तुम्ही? मग ताराबाई शिंदे कुठं आहेत? १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं तान्हं मूल मारलं म्हणून फाशी सुनावली, नंतर ती कमी झाली, पण पेपरवाल्यांनी त्यावरून सगळ्या बायकांनाच नीतीचे धडे द्यायला सुरुवात केली. त्यावर बुलढाण्यातल्या एका कारकुनाची मुलगी उठली आणि १८८२ ला 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आणलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, हा तिचा सवाल, आणि तोही काय भाषेत, वाचा एकदा. तेव्हा अपेंझेलच्या बायका काय करत होत्या म्हणता? भरतकाम.

भाऊ म्हणे, "एका पुस्तकानं कुठं इतिहास बदलते?" आता हे जरा खरं आहे. जोतिरावांनी पाठराखण केली, बाकीच्यांनी झोडपलं, बाईंनी दुसरं काही छापलेलं नाही, आणि ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, १९७५ मध्ये पुन्हा निघालं तेव्हा लोकांना कळलं. पण म्हणून तिचं नाव बॅनरवर नको? राणी व्हिक्टोरियानं आपल्या वऱ्हाडासाठी काय केलं, सांगा की. आणि बायकांना मत मिळावं हे तर तिला पटतच नव्हतं!

मग आला नेहमीचा मेसेज. "तिकडं बसून शिकवू नको, तुले काय माहीत इथलं."

याचं उत्तर मी टाईप केलं आणि खोडलं. कारण मतदानाचं पाकीट शेजारणीच्या पेटीत येतं, माझ्या नाही, मी इथली नागरिक नाही. पासपोर्टसाठी अर्ज करायचा विचार येतो आणि मग तिकडचा सोडावा लागेल म्हणून मी तो पुढं ढकलते. मेहकरच्या मतदारयादीत नाव असेल कदाचित, पण मत टाकायला तिकिटाचे पैसे घालून कोण जातं, मी तरी गेले नाही. म्हणजे आजी दर वेळी टाकायची ते मी दोन्हीकडे टाकत नाही, आणि ग्रुपवर ताराबाईंच्या जोरावर भांडते. भावाला हे माहीत नाही अजून. ताराबाईंचा फोटो मिळाला नाही तर नुसतं नाव टाका, एवढं मी त्याला काल लिहिलं, त्यानं अंगठा दाखवलाय, त्याचा अर्थ काय घ्यायचा देव जाणे.