छंदाला हजेरीपुस्तक कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ या चित्राचं क्रॉस स्टिच, म्हणजे कापडाची घरं मोजत फुलीच्या टाक्यांनी केलेलं भरतकाम, मी रोज शंभर टाक्यांची एकेक चौकट करत पुढे नेते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरून तुम्ही माझे चांगलेच कान उपटलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोजची ठरलेली चौकट आणि वहीत टाक्यांचा हिशेब, म्हणजे छंद संपला आणि हजेरीपुस्तक सुरू झालं. तुमच्या आईंनी रुखवतातले मोर-पोपट असल्या वह्यांशिवाय भरले. घरात लहान मूल असलेल्या बाईने रोजची चौकट कुठून आणायची? आणि ग्राफवरच्या (कुठल्या घरात कुठला रंग ते दाखवणाऱ्या चौकटींच्या कागदावरच्या) खुणा बघून घरं भरायची, त्यात कला ती कुठली? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की तुमचं अर्धवट राहिलेलं राधाकृष्ण वर्षानुवर्षं पेटीत पडून आहे, आणि त्याचा हिशेब तुम्हाला कुणालाही द्यायचा नाही.

या शेवटच्या वाक्यापुरती मी तुमच्या बाजूने. बाकीच्यावर भांडते.

मोजणी काही मी या छंदावर लादली नाहीये. ती क्रॉस स्टिचच्या पोटातच आहे. साखळी टाका घालताना सुई छापलेल्या रेघेवरून जाते. एखादा टाका इकडेतिकडे झाला तर पान जरा जाड दिसतं, एवढंच. इथे कापडावर काहीच छापलेलं नसतं. एक घर चुकलं की त्याच्या आधाराने मोजलेलं पुढचं सगळं एक घर सरकतं, आणि गंमत म्हणजे ते तेव्हा कळत नाही. कळतं कधी, तर डोंगराची कड चर्चच्या छपराला भेटायला येते तेव्हा. मग बसा उसवत. उसवलेला दोरा पिंजारतो, पुन्हा वापरला तर टाका केसाळ दिसतो, म्हणजे तोही गेला.

म्हणून दर दहा घरांवर उभा-आडवा तंगूस (मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी) ओवून घ्यायचा. साधा दोरा का नको? कारण भरताना सुई त्याच्या पिळातून आरपार जाते आणि शेवटी तो निघता निघत नाही. तंगूस सुईला दाद देत नाही. काम झालं की टोक धरून ओढायचा, सरसर बाहेर येतो. (पाण्याने जाणाऱ्या पेनानेही आखतात. चालतं, फक्त धुण्याआधी चुकूनही इस्त्री फिरवू नये, रेघ कायमची बसू शकते.) तर अशी दहा बाय दहाची चौकट, शंभर टाके. शेवटचा टाका तंगुसाशी बरोबर येऊन टेकला तर शंभर निर्धास्त. नाही टेकला तर चूक बहुधा याच शंभरात आहे, शोधायला लांब जायला नको. वहीतली माझी खूण म्हणजे ‘इथपर्यंत तपासलंय’ एवढंच. त्यात शाबासकी नाही की हजेरी नाही.

आता आईंच्या पोपटांबद्दल. मी तसे पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मॅटीच्या जाड, घरंवाल्या कापडावरच्या त्या कामात मागची जमीन कोरी असते, रंग चार-पाच, आणि नमुना आरशासारखा दोन्हीकडे सारखा. उजवा पोपट झाला की डावा त्याच्याकडे बघून होतो. ते काम उत्साहावर निघतं, मेच्या सुट्टीत बसलं तर सुट्टीतच संपतं. माझा ग्राफ 300 बाय 240 घरांचा आहे आणि त्यात एकही घर कोरं नाही. 72,000 फुल्या. इंचाला 18 घरं असलेल्या आयडा कापडावर ते चित्र जेमतेम 17 बाय 13 इंचांचं होतं, म्हणजे उशीच्या अभ्र्याहूनही लहान, आणि तरी रोज एक चौकट धरली तर 720 दिवस. व्हॅन गॉगने मूळ चित्र 1889 च्या एका जून महिन्यात संपवलं, हा विचार मी फार करत नाही.

इतक्या लांबच्या कामात उत्साह पुरत नाही. तो पहिल्या आठवड्यात भरपूर असतो, मग आकाश सुरू होतं. डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांतला 823 आणि 939 नंबर, दोन्ही गडद नेव्ही निळे. उन्हात धरले तर एक जरा उजळ वाटतो. रात्री ट्यूबलाइटखाली दोन्ही काळेच. ग्राफमध्ये ते शेजारी-शेजारी, एक याचा, दोन त्याचे, पुन्हा एक याचा. सलग पिवळ्या चंद्रात तासाला दीडशे टाके सहज पडतात, इथे पन्नासला नाकी नऊ येतात. मी लड्या उघडल्याबरोबर प्रत्येक रंगाचा दोरा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर नंबर लिहून अडकवते आणि हे दोन निळे मुद्दाम वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर ठेवते.

आणि काम सुरू राहण्याचं खरं गुपित वहीत नाहीच, ते दोरा लोंबता ठेवण्यात आहे. चौकटीतला एक रंग संपला की दोरा कापायचा नाही. तोच रंग शेजारच्या चौकटीत आधी कुठे लागणार ते ग्राफमध्ये बघायचं, त्या घरातून सुई वर काढायची आणि दोरा तसाच सोडायचा. चौकट संपते तेव्हा पुढच्या चौकटीत सात-आठ रंगांचे दोरे आपापल्या जागी लोंबत असतात. कापड जरा जटाधारी दिसतं खरं. पण दुसऱ्या दिवशी हात धुऊन (आपल्या घरांत साबणाने, हळद असते बोटांना) बसलं की पहिला टाका कुठे, हे शोधण्यात वेळ जात नाही. माझ्या मते मोठी कामं पडून राहतात ती कंटाळ्यापेक्षा याच शोधाशोधीमुळे. पंधरा मिनिटं मिळालेली असतात, त्यातली दहा ‘कुठे होते बरं मी’ यात जातात, मग ते कापड गुंडाळलं जातं ते गुंडाळलंच. नवं किट येतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

लहान मूल असलेल्या बाईसाठी चौकट हे माप नकोच. तिने एक दोरा हे माप धरावं: हातभर दोरा, एकदा ओवलेला, संपेपर्यंत. मूल झोपलं तर दोन, नाही झोपलं तर शून्य. फक्त निघताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवायची, नाहीतर कापडावर वळ पडतो आणि पावसाळ्यात तिथेच मळ धरतो.

कलेचं म्हणाल, तर चित्र व्हॅन गॉगचं, ग्राफ तिसऱ्याचा. त्यावर मी हक्क सांगत नाही. हातकाम म्हणा, मला चालेल. पण ‘मोजून केलं म्हणजे यांत्रिक’ हे मात्र मान्य नाही. पॅलेस्टाइनमधल्या बायकांचं तत्रीझ हे भरतकाम बघा. मुख्यतः फुलीचाच टाका, मोजूनच घातलेला. आणि पूर्वी झग्यावरचे नमुने बघून बाई कुठल्या भागातली ते ओळखू यायचं. 2021 मध्ये युनेस्कोने ते आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. इतकं लांब नको असेल तर धारवाडकडचं कसुती हे भरतकाम आहे. इरकली लुगड्यावर छाप न मारता, गाठ न देता, कापडाचे धागे मोजत जायचं. त्यातल्या चार प्रकारच्या टाक्यांतला मेंथी म्हणजे आपली फुलीच. आणि ग्राफ हातात असला तरी डोकं बाजूला ठेवता येत नाही. निळ्यात एकटाच पडलेला करडा टाका खरंच काही सांगतोय की संगणकाने चित्राचा ग्राफ करताना उडालेला कचरा आहे, हे मलाच ठरवावं लागतं. बरेचदा मी तो निळाच घालते.

राहिलं तुमचं राधाकृष्ण. पेटीतच राहू द्या, खुशाल. पण कधी हात शिवशिवले तर आधी उजेडात घडी उघडून बघा आणि घडीवर पिवळा डाग असेल तर इस्त्री अजिबात नको, उष्णतेने डाग पक्का होतो. पांढरं फडकं ओलं करून मागच्या बाजूने लाल रंगावर दाबून बघा. फडक्याला लाली आली तर धुण्याचं काम शेवटपर्यंत लांबवा. जुन्या लडीवरचा नंबर गेला असेल तर छटा जुळवत बसू नका, कारण त्याच नंबरच्या दोन लड्यासुद्धा वेगळ्या रंगवणीतल्या असल्या तर फरक दिसतो. नवा दोरा चित्रातल्या साडीच्या मध्यावर न लावता एखाद्या नव्या पानापासून किंवा काठापासून सुरू करा. आणि फुलीतली वरची तिरकी रेघ कुठल्या दिशेला होती ते पहिल्या टाक्याआधी बघून घ्या. आपला हात मधल्या वर्षांत बदललेला असतो.