पूजा का सुटली?

आईने पूजा सोडली की महाराष्ट्रातल्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जप वाढव. दुसरा म्हणतो, देवाधर्माचं राहू दे, गोळ्या सुरू करा. अमेरिकेत बसून फोनवर हा वाद ऐकताना जाणवतं, पूजा का सुटली हे आईला कुणीच विचारलेलं नसतं.

गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नसेल, तर देव टेबलावर मांडा नि खुर्ची द्या, विषय संपला. नातवंडं, मालिका, जेवण, कशातच दोन आठवडे मन लागत नसेल, तर नैराश्य आहे का ते तपासून घ्या. पण 'एवढं केलं, तरी त्यानं पाठ फिरवली' हा रुसवा असेल, किंवा राहिलेल्या नवसाची टोचणी, तर 'जप वाढव' ऐकून अपराधीपण वाढतं.

अमेरिकेतल्या डरहॅम शहरातल्या रुग्णालयांत ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. देवाने आपल्याला टाकलं, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त निघाला (२००१), शरीराचं दुखणं नि नैराश्य हिशेबात धरूनही. रुग्ण बहुतेक ख्रिस्ती होते, पण विठोबाशी भांडायची रीत तर आपल्या संतांचीच! ज्येष्ठांसाठीच्या १५ प्रश्नांच्या नैराश्य-चाचणीत (५ किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी) देवाबद्दल एकही प्रश्न नाही.

इथल्या अमेरिकन रुग्णालयांत देवाबद्दलच्या अशा रुसव्यासाठी चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा माणूस, असतो. तो उपदेश न करता ऐकतो, हे आपण उचलावं. मात्र कुलदैवताचा कोप म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागतं, आणि दुभाषी म्हणून सून बसली की सासूबाई 'सगळं छान आहे' म्हणून मोकळ्या. फोनवरचा, बाहेरचा दुभाषी मागा.

नैराश्याच्या गोळीआधी थायरॉइड, बी-१२ नि सोडियम पाहावं. म्हातारपणी या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं, म्हणून डोस कमी ठेवून सुरुवात करतात आणि काही आठवड्यांत रक्त पुन्हा तपासतात. गुण यायला सहा-आठ आठवडेही लागतात. बरेच जण पंधराव्या दिवशीच 'फरक नाही' म्हणून बंद करतात.

'आता देवाने न्यावं' हे आपल्याकडे सहज बोललं जातं, म्हणून कानाआड होतं. एकांतात सरळ विचारा: स्वतःच काही करावंसं वाटतं का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल, किंवा गोळ्या साठवलेल्या सापडल्या, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.