मासळीबरोबर लाल वाईन

रविवारी संध्याकाळी मास्तरच्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही पाचजण बसलो होतो आणि विषय निघाला सिनेमातल्या नव्या जेम्स बाँडचा. म्हणजे काढला प्रशांतनं. हा प्रशांत दोन वर्षं लंडनला ऑनसाइट होता, परत येऊन अकरा वर्षं झाली, तरी पाऊस पडला की "हा कसला पाऊस, लंडनला..." सुरू होतंच, म्हणून कट्ट्यावर त्याचं नाव लंडन. बाँड अमेझॉनकडे गेल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागलाय. रोज फोनवर कुणाचातरी फोटो दाखवतो आणि रोज म्हणतो, "हा नको रे. ॲक्च्युअली बाँडला ब्रीडिंग लागतं. खानदानी इंग्लिश माणूस पाहिजे. ते अंगात असावं लागतं, शिकून येत नाही."

मास्तर आत काज करत होता. मान वर न करता म्हणाला, "अंगात काय असतंय? अंगात कोट असतोय. कोटाच्या आत सगळ्यांना सारखाच घाम येतोय."

मास्तरबद्दल सांगायला पाहिजे. सातारकडचा शिंपी माणूस, पुण्यात बावीस वर्षं झाली, बोली तीच. मशीनला फोन टेकवून सिनेमे बघतो, आणि बघतो ते कोट बघायला. खांदा कुठं बसलाय, कॉलर मानेपासून सुटलीय का, गोळीबार चालू असताना बटण लावलेलं होतं का उघडं. त्यामुळे ब्रिटिश हेरांचे झाडून सगळे सिनेमे त्याचे पाठ आहेत आणि या विषयावर मी त्याचं मत कुठल्याही समीक्षकाच्या वर धरतो.

लंडन म्हणाला, "मास्तर, तुला नाही कळायचं. बाँड झालेला शॉन कॉनरी बघ. ती चाल, ते उभं राहणं..."

यावर बाई हसल्या. बाई म्हणजे आमची नीता, हायस्कूलला इंग्रजी शिकवते, म्हणून सगळेच बाई म्हणतो. "अरे तुझा कॉनरी एडिनबराच्या फाउंटनब्रिजचा. आई लोकांकडे साफसफाई करायची, बाप कामगार. स्वतः दूध घालत होता घरोघर. आणि बाँडचा लेखक फ्लेमिंग, त्याच्या गोष्टीत बाँड ईटन या बड्यांच्या शाळेतून काढल्यावर ज्या फेटीस शाळेत गेला ना, त्या शाळेतसुद्धा कॉनरीनं दूध टाकलंय."

"म्हंजे बाँड आत शिकत होता आणि बाँडच दारात दूध घेऊन उभा," मास्तर म्हणाला.

कट्ट्यावरचे अप्पा इतके हसले की चहा सांडला.

मग मास्तरनं त्याला आवडणारी गोष्ट सांगितली, आम्ही ती दहावेळा ऐकलीय तरी परत ऐकली. कॉनरीचा बाँडपट 'डॉ. नो' १९६२ चा. दिग्दर्शक टेरेन्स यंग हा खरा साहेबी थाटातला. त्यानं कॉनरीला स्वतःच्या शिंप्याकडे नेलं, अँथनी सिंक्लेअर त्याचं नाव, सॅव्हिल रो या लंडनमधल्या बड्या शिंप्यांच्या रस्त्याजवळच कंड्युट स्ट्रीटला दुकान. आणि असं सांगतात की सूट अंगवळणी पडावा म्हणून कॉनरीला सूट घालून झोपायला लावलं. "ब्रीडिंग म्हंत्यात ते हे. शिंप्यानं शिवलं, डायरेक्टरनं चालायला शिकवलं, आणि हा म्हंतोय अंगात असावं लागतंय."

"एक अपवाद असू शकतो," लंडन.

अपवाद? बाईंनी बाँड झालेले नट बोटांवर मोजायला घेतले. लॅझेनबी ऑस्ट्रेलियन, गाड्या विकायचा, मग मॉडेल. रॉजर मूर लंडनच्या पोलिसाचा मुलगा. डाल्टनचा जन्म वेल्समधला. ब्रॉस्नन आयरिश. क्रेगचा बाप पब चालवायचा. आणि ज्याला सगळे घरंदाज म्हणतील असा डेव्हिड निव्हन, जो खुद्द फ्लेमिंगला हवा होता, त्याला बाँड मिळाला तो १९६७ च्या विडंबनात. म्हणजे खरा साहेब बाँड झाला की तो सिनेमा टिंगलीचा होतो, हे मी बोललो, आणि आजही मला ते अगदी बरोबर वाटतं. इंग्लंडनं जगाला विकलेला इंग्लिश जंटलमन सहा नटांनी केला, त्यातला एकही त्या जंटलमन वर्गात जन्मलेला नाही.

अप्पांनी भर घातली. कॉनरी पडद्यावर आल्यावर फ्लेमिंगनं पुढच्या कादंबऱ्यांत बाँडला स्कॉटिश बाप देऊन टाकला, आई स्विस. "आमच्याकडे बापावरून पोराचं गाव ठरतं. इथे पोरावरून बापाचं ठरलं."

लंडन काही गप्प बसेना. एकतर तो गप्प बसत नाहीच, २०१९ ला बिल्डिंगच्या मॅचमध्ये स्वच्छ बोल्ड झाला होता तरी नो-बॉल म्हणून अर्धा तास उभा होता, तो विषय इथे निघालाच आणि दहा मिनिटं त्यातच गेली. परत आल्यावर म्हणाला, "ठीक आहे, जन्म सोडा. पण मॅनर्स! 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चा ट्रेनमधला सीन आठवा. व्हिलन ब्रिटिश ऑफिसर बनून आलाय, सगळं परफेक्ट, पण माशाबरोबर रेड वाईन मागवतो. आणि नंतर बाँड म्हणतो की मला तेव्हाच कळायला हवं होतं! आता याला तुम्ही काय म्हणाल?"

याला बाईंकडे जे उत्तर होतं त्यासाठी खरंतर मी हे सगळं लिहायला घेतलं.

तो सिनेमा १९६३ च्या ऑक्टोबरचा. त्याच वर्षी जानेवारीत किम फिल्बी, रशियाला फितूर झालेला ब्रिटिश हेर, बैरूतहून पळून मॉस्कोला गेला. फिल्बी जन्मला आपल्या अंबाल्यात, १९१२ ला, बाप आयसीएस, किम हे नावसुद्धा किपलिंगच्या कादंबरीतल्या पोरावरून पडलेलं. वेस्टमिन्स्टर शाळा, केंब्रिजचं ट्रिनिटी. एमआय सिक्स या ब्रिटिश हेरखात्यात घेतला तो घराणं माहितीतलं म्हणून. १९५१ ला त्याचे साथीदार बर्जेस आणि मॅक्लीन पळाले तेव्हाच याच्यावर संशय होता, तरी १९५५ ला परराष्ट्रमंत्री मॅकमिलननं पार्लमेंटमध्ये उभं राहून त्याला निर्दोष सांगितलं. बर्जेस ईटनचा. त्यांच्यातलाच ब्लंट तर राणीच्या चित्रसंग्रहाचा प्रमुख, तो हेर होता हे जाहीर व्हायला १९७९ उजाडलं. "इतकी वर्षं," बाई म्हणाल्या, "कारण उच्चार बरोबर होते, शाळा बरोबर होती, क्लब बरोबर होता. आपला माणूस असं कसं करेल?"

मास्तरनं सुई अस्तरात टोचून ठेवली आणि म्हणाला, "फिल्बीनं मासळीबरोबर लाल वाईन कवाच मागवली नसती. म्हणून तर घावला न्हाय."

थोडा वेळ कोणी काही बोललंच नाही. लंडनसुद्धा.

मला माझं आठवलं आणि मी ते बोललो. पुण्यात आल्यावर पहिला इंटरव्ह्यू होता, एका मोठ्या ऑफिसात. कामाचं सगळं नीट सांगितलं, मग बोलता बोलता 'पानी' म्हणालो. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यातल्या एकानं माझं वाक्य तसंच्या तसं, 'पानी'सकट, परत म्हणून दाखवलं. नोकरी लागली नाही. नंतर महिनाभर आरशासमोर 'ण' म्हणत होतो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही. म्हणून हेरांच्या सिनेमात कोण कसा बोलतो याकडे माझं पहिलं लक्ष जातं.

बाई म्हणाल्या, "रिचर्ड बर्टनचं माहितेय ना तुला? 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'मधला. वेल्सच्या खाणकामगाराचा मुलगा, तेरा भावंडांतला बारावा, घरची भाषा वेल्श. मूळ आडनाव जेंकिन्स. शाळेतल्या मास्तरांनी त्याचा आवाज घडवला आणि त्यानं त्यांचंच आडनाव लावलं." मग जरा थांबून, "मी पोरांना उच्चार शिकवते तेव्हा मला त्याची आठवण येते. मी त्यांना काही देते की त्यांचं काढून घेते, कळत नाही."

"दोन्ही," अप्पा म्हणाले.

मग खरं भांडण लागलं ते बाई आणि मास्तरमध्ये, आणि लंडनला ओरडायला माणूसच उरला नाही. विषय 'किंग्जमन'चा. २०१४ च्या त्या सिनेमात सरकारी घरांच्या वस्तीतला एग्सी, शिंप्याच्या दुकानाआड चालणाऱ्या संस्थेत हेर होतो. बरोबरची उमेदवार पोरं त्याला पहिलं विचारतात ऑक्सफर्ड का केंब्रिज, आणि तूच आम्हाला मॅक्डोनाल्डला वाढलंस का. बाईंचं म्हणणं, शेवटी त्याला आत घेतलं ते चष्मा, छत्री आणि सूट चढवूनच. दार उघडलं पण मापं जुनीच. त्यापेक्षा १९६५ चा 'इपक्रेस फाइल'मधला हॅरी पामर बघा. जाड चष्मा, लंडनच्या कामगार वस्तीची बोली, आणि दुसऱ्या खात्यात बदली झाली सांगितल्यावर पहिला प्रश्न पगारवाढीचा. तो सुपरमार्केटचा सीन! वरिष्ठ कर्नल ढकलगाडी घेऊन उभा, आणि पामर फ्रेंच मशरूमचा डबा उचलतो. साहेब म्हणतो लेबलचे जास्तीचे पैसे देतोयस, पामर म्हणतो चव खरंच चांगली आहे. "जीभ त्याची स्वतःची आहे. कोणी शिकवलेली नाही. आणि निर्माता कोण? तोच सॉल्ट्झमन, बाँडवाला."

हे मला पूर्ण पटतं. त्या सिनेमात एका हातानं अंडी फोडणारा हात आहे ना, तो कादंबरीकार लेन डायटनचा. पामर झालेल्या मायकेल केनला ते जमेना. डायटनची आई स्वयंपाकीण, बाप ड्रायव्हर. आणि केनचा बाप मासळी बाजारात हमाल. त्या अंड्यात जितकी खरी माणसं आहेत तितकी बाँड पितो त्या कुठल्याही मार्टिनीत नाहीत.

पण मास्तर ऐकेना. "बाई, सुटाला नावं ठेवू नका. सूट वंगाळ न्हाय. सूट शिवायला हात लागत्यात. माझं दुखणं येगळंच हाय. किंग्जमनचं दुकान कुणाचं? शिंप्याचं. मग सगळ्या पिक्चरमदी सुई हातात धरलेला एक तरी माणूस दावा. मला तर आठवत न्हाय. १८४९ पास्नं बड्या लोकांचे कपडे शिवलं, आन पह्यल्या महायुद्धात त्या बड्यांची पोरं मेली, वारस न्हाय, म्हून त्यो पैसा ह्या संस्थेत घातला, असं त्यो कॉलिन फर्थ सांगतोय. दुकान आमचं, पैसा त्येंचा, साहेब त्येंचा. शिंपी कुठं गेला?"

बाई म्हणाल्या, "तेच तर मी म्हणतेय!"

"न्हाय, तुमी सूट काढा म्हंताय. मी म्हंतोय शिंप्याला आत घ्या."

आणि मग त्यानं ते केनचं सांगितलं. किंग्जमनचा प्रमुख आर्थर, सगळ्यात खडूस, ज्याला एग्सी नकोच असतो, तो कोण झालाय? मायकेल केन. पन्नास वर्षांपूर्वीचा पामर! आणि विषाचा घोट पोटात गेल्यावर, मरायला टेकल्यावर, शिवी देताना त्याचा उच्चार एकदम बदलतो आणि खालच्या वस्तीची बोली बाहेर येते. "मी सबटायटल लावून बगत हुतो. सबटायटलमदी उच्चार लिवून येत न्हाय. पण आवाज पालटला म्हून मी तीनदा मागं घेतलं. मग भाच्याला इचारलं. जल्मभर झाकलं त्यानं. अस्तर उसवल्यावर आतलं कापड दिसतंय, तसं."

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "'ऑक्टोपसी' आला तेव्हा आम्ही ऑफिसातले आठजण गेलो होतो. उदयपूर, कबीर बेदी, आपला विजय अमृतराज, थेटरात टाळ्या. त्यात तो रॉजर मूर जुगारात जिंकलेल्या नोटा त्या आपल्या माणसाच्या हातात ठेवतो आणि म्हणतो की याच्यात तुझी काही आठवड्यांची करी भागेल. आम्ही मोठ्यांदा हसलो. इंग्रजी विनोद आपल्याला कळला याचा आनंद झाला होता." चहाचा ग्लास खाली ठेवला. "घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा कळलं, कुणाला हसलो ते."

"'डॉ. नो'मध्ये तर सरळ माझे बूट आण म्हणतो, त्या जमेकन क्वॉरलला," बाई म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि ऑक्टोबरात हा सिनेमा लागला."

लंडनला एवढं जड सहन होईना. म्हणाला, "बरं बरं, पण नव्या बाँडचं काय? तुम्ही सगळे मुद्दा सोडून..." आणि वर हेही की जे झालं ते झालं, पण त्या लोकांचा एक क्लास होता, सॅव्हिल रोला अजूनही रिस्पेक्ट काय असतो ते त्यानं स्वतः बघितलंय, दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून.

"क्लास म्हणलास," मास्तर उठला. आत गेला आणि जुनं बिलबुक घेऊन आला, कोपरे कुरतडलेलं. "लग्नाचा थ्री-पीस. नेव्ही ब्लू. बाकी पंधराशे. तारीख वाचू का?"

लंडन म्हणाला, आणि हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "ॲक्च्युअली, इंग्लंडात खानदानी लोक शिंप्याचं बिल वर्षानुवर्षं थकवायचे. ट्रॅडिशन आहे ती."

अप्पांनी ओट्यावर हात आपटला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी 'पाणी' लिहिलंय, बोललो असतो तर पानीच म्हणालो असतो, आता तसंच म्हणतो.

"मग भेटला की तुमाला खानदानी बाँड," मास्तर म्हणाला, "उगं अमेझॉनवाल्यांला तरास." आणि गळ्यातला टेप काढून त्यानं लंडनच्या पोटाला लावलाच. त्यो सूट आता चढणार नाही म्हणून लंडन मागे सरकत होता, तर मास्तर म्हणे चढंल, शिवणीत दोन इंच माया सोडलीया मी, मला लग्नातच दिसत हुतं तू कसा जिलब्या खात हुतास ते.