‘भाड्याचे अश्रू’ म्हणण्याआधी

मयतावर गाऊन रडण्याच्या प्रथेबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो आहे. वर रुदालींचे, म्हणजे मयतावर रडायला बोलावल्या जाणाऱ्या बायकांचे, छायाचित्र, खाली ठाम सुरातली पाच-सहा वाक्ये. त्यांचा सारांश असा: हे रडणे म्हणजे पैसे घेऊन केलेले सोंग. त्यात कवित्व नाही, नुसता बायकांचा हंबरडा आहे. खरी शोककविता ग्रीक कवींनी जन्माला घातली. हिंदू शास्त्रांत मृतासाठी रडणे निषिद्ध असल्याने आपल्याकडे अशी परंपराच नव्हती. आणि जिथे होती तिथे शिक्षण पोचल्यावर ती आपोआप मिटली.

यातले प्रत्येक विधान तपासायला हवे. मुख्यतः बायकांनी चार हजारांहून अधिक वर्षे जपलेली एक कला त्यातून चार ओळींत निकालात काढली जाते, आणि हजारो लोक ते खरे मानून पुढे पाठवतात.

‘हे पैसे घेऊन केलेले सोंग आहे.’

मोबदला घेतला जात असे, हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. इसवीसनपूर्व 24व्या शतकात, आजच्या दक्षिण इराकमधल्या लगश या नगरराज्याची राणी बारानामतारा वारली, तेव्हा तिच्यासाठी विलाप करणाऱ्यांना भाकरी आणि बिअर वाटल्याच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत. तिथल्याच उरुकागिना राजाने अंत्यविधीसाठी घेतले जाणारे मानधन कमी केल्याचे कोरून ठेवले आहे. म्हणजे मोबदला ही मागाहून शिरलेली विकृती नव्हे, तो प्रथेइतकाच जुना आहे. पण मोबदला घेतला की सोंग, हे कुठून आले? कीर्तनकाराला बिदागी देतो म्हणून त्याची भक्ती खोटी आहे असे आपण म्हणत नाही.

आयर्लंडचे उदाहरण इथे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘भाड्याने रडणारी’ हा शिक्का तिथल्या बायकांवर सगळ्यात जास्त मारला गेला. मयताच्या घरी त्यांना बोलावले जाई. तंबाखू, घोटभर व्हिस्की, थोडे पैसे मिळत. आता 1773 सालची गोष्ट. आर्ट ओ लीरी हा ऑस्ट्रियाच्या फौजेत कॅप्टन राहून कॉर्क परगण्यात परतलेला तरुण कॅथलिक. त्या काळच्या कायद्याने कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. आर्टची घोडी उमदी होती. मॉरिस नावाच्या प्रोटेस्टंट अधिकाऱ्याने पाच पौंड पुढे करून ती मागितली आणि आर्टने नकार दिला, अशी परंपरेने आलेली हकिकत आहे. वैर वाढत गेले आणि 4 मे 1773 रोजी कॅरिगनिमा गावाजवळ मॉरिसच्या सैनिकांनी आर्टला गोळी घातली. घोडी एकटीच घरी आली. लगामावर रक्त होते. आर्टची बायको आयलीन तिच्यावर स्वार होऊन दौडत गेली, तेव्हा तो एका काटेरी झुडपाशेजारी पडलेला होता. एका म्हातारीने आपला झगा त्याच्यावर पांघरला होता. आयलीनने त्याचे रक्त ओंजळीने प्यायले.

हे सगळे आपल्याला कळते ते आयलीनच्या विलापातून. जवळजवळ चारशे ओळींचे हे शोकगीत आयरिश भाषेतल्या श्रेष्ठ कवितांमध्ये गणले जाते. ते कागदावर लिहिले गेले नव्हते. सुमारे 1800 मध्ये ते प्रथम उतरवून घेतले गेले, ते मिलस्ट्रीट भागातल्या नोरी सिंगलटन या बाईच्या तोंडून. नोरी काय करत असे? मयतावर रडण्याचाच व्यवसाय. ज्या बायकांना ‘भाड्याच्या’ म्हटले गेले त्यांच्यातल्याच एकीने हे काव्य पाठ ठेवले, म्हणून ते आज आहे.

आणि रुदाली? मराठी वाचकांपैकी बहुतेकांना त्या भेटल्या 1993 च्या ‘रुदाली’ चित्रपटातून, जो महाश्वेता देवींच्या बंगाली कथेवर बेतलेला होता. कथेतल्या शनिचरीला सासू, नवरा, मुलगा गेल्यावरही रडायला सवड मिळत नाही. क्रियाकर्माचा खर्च आणि पोटाची खळगी तिच्यापुढे आ वासून उभी असते. रडणे विकत हवे असते ते मालकवर्गाला, घराण्याच्या इभ्रतीसाठी. ती कथा वाचून कुणाला सोंग दिसलेच, तर ते विकत घेणाऱ्याच्या वाड्यात दिसायला हवे.

‘त्यात कवित्व नाही, नुसता हंबरडा आहे.’

या विधानाचा प्रतिवाद विरोधकांनीच करून ठेवला आहे. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने इसवीसनपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बायकांच्या शोकावर निर्बंध घातले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने त्यांची यादी दिली आहे: अंग ओरबाडायचे नाही, परक्याच्या अंत्ययात्रेत जाऊन रडायचे नाही, आणि रचलेले विलाप म्हणायचे नाहीत. रचलेले! रचना नव्हतीच, तर बंदी कशावर घातली?

रचनेचे नियम प्रत्येक परंपरेत वेगळे आणि कडक. आयरिश विलापात आधी मृताला नावाने, प्रेमाच्या संबोधनाने हाक घालायची, मग त्याचे कुळ, त्याचे रूप, त्याची दानत सांगणाऱ्या ओळी एकटीने म्हणायच्या, आणि कडवे संपताच जमलेल्या सगळ्यांनी मिळून सूर उचलायचा. ओळी ऐन वेळी जुळवलेल्या, पण जुळवायचे साचे पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्या भर सभेत वाद घालण्याइतक्या लवचीकही होत्या: आर्टच्या बहिणीने विलापातूनच टोमणा मारला की, नवऱ्याचे प्रेत घरात असताना तू झोपलीस कशी? आयलीनने तिथल्या तिथे ओळींत उत्तर दिले, मी झोपले नव्हते, घाबरलेल्या लेकरांना निजवत होते. करेलियातल्या, म्हणजे फिनलंड-रशिया सीमेवरच्या विलापांत तर आईला ‘आई’ म्हणायचेच नाही. मला घडवणारी, मला जोजवणारी अशा वळशाने तिला आळवायचे, तेही एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांची माळ गुंफत. ही भाषा मुलींना वर्षानुवर्षे ऐकूनच येई. हंबरडा कुणालाही फोडता येतो, हे येत नाही.

‘शोककविता ग्रीकांनी जन्माला घातली.’

ग्रीकांचा आद्य महाकवी होमर याच्या हजारहून अधिक वर्षे आधी, इसवीसनपूर्व 2004 च्या सुमारास, आजच्या नैऋत्य इराणमधल्या एलामच्या फौजांनी सुमेरमधले, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमधले, ऊर शहर उद्ध्वस्त केले. त्यावरचा 11 भागांचा विलाप आपल्या हाती आहे. त्यात शहराची देवी निंगल आपल्या घरासाठी, आपल्या माणसांसाठी आक्रोश करते. सुमेरी साहित्यात देवींच्या आणि विलापांच्या वाट्याला एक वेगळी बोलीच आली होती. इजिप्तमध्ये थीब्जजवळच्या रामोसेच्या थडग्यात, इसवीसनपूर्व 14व्या शतकात, हात उंचावून रडणाऱ्या बायकांचा घोळका रंगवला आहे; गालांवरचे अश्रूही चितारलेले आहेत.

खुद्द होमरकडे गेले तरी हा दावा टिकत नाही. इलियडच्या 24व्या, म्हणजे शेवटच्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर याचे शव ट्रॉयमध्ये आणले जाते. गायक शोकगीताला सुरुवात करतात, बायका साथ देतात, आणि मग तिघीजणी एकेक करून बोलतात: बायको अँड्रोमाकी, आई हेक्युबा आणि हेलन. प्रत्येकीचा हेक्टर निराळा. बायकोला पोरक्या मुलाची धास्ती आहे. हेलन म्हणते की, या परक्या शहरात मला कधी कडू शब्द बोलला नाही असा तो होता. महाकाव्य संपते ते या तीन विलापांवर आणि दहनावर. ग्रीक कवीने ही परंपरा निर्माण केली नाही. बायकांची चालू परंपरा त्याने आपल्या काव्यात आणून मानाच्या जागी ठेवली.

‘हे फक्त बायकांचे’ असा जो सूर मजकुरात आहे, त्याबद्दल थोडक्यात. विलापाची धुरा बहुतेक ठिकाणी बायकांकडे होती, पण सर्वत्र नाही. सुमेरमधले ‘गाला’ हे विलाप गाणारे पुजारी पुरुष होते. जॉर्जियाच्या स्वानेती या पहाडी प्रदेशात पुरुष तीन सुरांत ‘झारी’ गातात, आणि त्यात बव्हंशी अर्थाचे शब्दच नसतात. करबलाच्या 680 सालच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांच्या शोकाभोवती वाढलेला मर्सिया हा काव्यप्रकार तर लखनौच्या मीर अनीस (1803–1874) आणि मिर्झा दबीर यांच्या हाती उर्दू काव्याच्या शिखरावर पोचला. त्याआधी तो आपल्या शेजारी, विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत, दखनीतून गायला जात होता.

‘शास्त्रात रडणे निषिद्ध, म्हणून आपल्याकडे परंपरा नाही.’

निषेध आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, नातलगांनी ढाळलेले अश्रू आणि शेंबूड प्रेताला नाइलाजाने गिळावे लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया करावी. पण निषेधावरून प्रथा नव्हती असा निष्कर्ष निघत नाही. जे कुणी करतच नाही त्याला नको म्हणण्यासाठी कोण श्लोक रचेल?

रघुवंशाच्या आठव्या सर्गात हे दोन्ही शेजारी-शेजारी दिसते. नारदाच्या वीणेवरून घसरलेली फुलांची माळ अंगावर पडून इंदुमती मरते आणि राजा अज तिला मांडीवर घेऊन विलाप करतो. पुढे वसिष्ठाचा निरोप येतो की, स्वजनांचे सततचे अश्रू प्रेताला जाळतात असे म्हणतात. स्मृतीचा धाक कालिदासाला ठाऊक होता, तरी विलाप त्याने आधी पूर्ण होऊ दिला. आणि कुमारसंभवात जळलेल्या मदनासाठी रती रडते तेव्हाही त्याने तेच वृत्त घेतले, वियोगिनी. वाल्मीकींची तारा आणि मंदोदरी आहेत. महाभारतात तर ‘स्त्रीपर्व’ हे अख्खे पर्वच आहे. त्यात गांधारी रणांगणावर एकेका प्रेतापाशी नजर नेत कृष्णाला दाखवत जाते आणि शेवटी त्यालाच कुलनाशाचा शाप देते. तमिळ संगम काव्यात, ‘पुरनानूरू’ या संग्रहात, पारी राजाच्या मुलींची पाच ओळींची कविता आहे: त्या महिन्यातल्या चांदण्यात आमचे वडील होते, आमचा डोंगरही होता, या महिन्यातल्या चांदण्यात डोंगर राजांनी घेतला, आणि वडीलही नाहीत. गुरू नानकांनी पंजाबी विलापगीताचा साचा घेऊन वडहंस रागात ‘अलाहणियां’ रचल्या.

आणि आपल्या मराठीत? ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे समाधीचे अभंग म्हणजे मराठीतला आरंभीचा मोठा सामूहिक शोक आहे. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ व्हावे, तशी भावंडांची अवस्था झाली, असे त्यात येते. तो शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला शोक आहे. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी आईच्या मागे रिकाम्या झालेल्या माहेराबद्दल गायले आहे आणि स्वतःच्या अहेव मरणाबद्दलही. खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, मयताच्या दारात पोचलेली बाई हेल काढून रडते, गेलेल्याला हाक मारते, त्याचे गुण एकेक करून आठवते, आणि दुसरी तिच्या गळ्यात पडून पुढची ओळ उचलते. याला परंपरा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

‘शिक्षण आले आणि ती आपोआप संपली.’

सगळ्यात जास्त त्रास देणारे विधान हे आहे, कारण त्यात मिटवणाऱ्यांचे हात दिसेनासे होतात. सोलोननंतर दीडेकशे वर्षांनी रोमच्या द्वादश पट्टिकांनी, म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या लिखित कायद्याने, बायकांना गाल ओरबाडायला आणि अंत्ययात्रेत आक्रोश करायला मनाई केली. अथेन्समध्ये इसवीसनपूर्व 431 च्या हिवाळ्यात युद्धातल्या मृतांवर बोलायला उभा राहिला तिथला नेता पेरिक्लीस. विधवांना त्याने सांगितले की, ज्या बाईबद्दल पुरुषांत कमीत कमी बोलले जाते तिची कीर्ती मोठी. इसवीसन 400 च्या सुमारास जॉन क्रिसोस्टोम या धर्मगुरूने रडणाऱ्या बायका बोलावणाऱ्यांना चर्चबाहेर ठेवण्याची ताकीद दिली. आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मसभांनी 17व्या शतकापासून पुन्हा पुन्हा बंदीचे ठराव केले. 1845 नंतरच्या दुष्काळाने आयरिश बोलणारी गावेच्या गावे रिकामी केली, आणि भाषा गेली तशी गाणीही गेली. पंजाबात 19व्या शतकाच्या अखेरीस आर्य समाज आणि शिखांच्या सिंग सभेच्या सुधारकांनी बायकांच्या छाती पिटून केलेल्या ‘स्याप्या’विरुद्ध मोहीम चालवली. यातले काहीही आपोआप झालेले नाही.

एवढा धाक कशाचा होता? विलापात बाई चारचौघांत बोलत असे, आणि त्या घटकेला तिला कुणी अडवू शकत नसे. आयलीनने आपल्या ओळींत मॉरिसचे नाव घेऊन त्याला शाप दिला. ग्रीसच्या मानी द्वीपकल्पात प्रेताशेजारी गायलेल्या विलापातून खुनाचा बदला घ्यायला भाऊबंदांना चेतवले जाई. गांधारीचा शाप तर देवालाही चुकला नाही. सत्ता आपल्या हाती ठेवू पाहणाऱ्यांना हे बोलणे बंद हवे होते. सुधारकांचे काही हेतू चांगले असतीलही, अंग रक्तबंबाळ करून घेण्याला विरोध समजण्यासारखा आहे. पण जखमांबरोबर बोलणेही गेले.

शिवाय ‘संपली’ हेही पुरते खरे नाही. तमिळनाडूत ओप्पारी हे विलापगीत आजही गायले जाते. फिनलंडमध्ये या शतकात करेलियन विलाप शिकवण्याचे वर्ग सुरू झाले आणि तिथे शहरी बायका स्वतःचे दुःख रचायला येतात. आयर्लंडमध्ये ॲलन लोमॅक्स या अमेरिकन लोकगीत-संग्राहकाने 1951 साली डोनेगलच्या एका गायिकेकडून विलापाचा छोटा तुकडा ध्वनिमुद्रित केला. अशी ध्वनिमुद्रणे फार थोडी आहेत, कारण घरात प्रेत नसताना हे गाणे म्हणणे अशुभ मानले जाई, आणि प्रेत असताना यंत्र पुढे करणे कुणाला शोभले नसते. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मयताच्या दारातले गाणे तसे मागून मिळत नाही. ते ज्यांच्या कानांवर पडले आहे त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कुणाच्या रडण्यातली कुठली ओळ त्यांच्या लक्षात राहिली, हे त्यांना अजून विचारता येते.