चित्रासाठी बसणे हेही कामच आहे

पणजीत चित्रांचे प्रदर्शन लागले की उद्घाटनाच्या दिवशी चित्रकाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘तुम्हांला प्रेरणा कुठून मिळते?’ विचारणाऱ्याचा भाव निर्मळ असतो आणि अपेक्षित उत्तरही ठरलेले असते. समुद्र, पाऊस, नाहीतर एखादी स्त्री. आम्हीही त्यांतले एक उत्तर देऊन मोकळे होतो, कारण पाठीमागे आणखी चार जण ताटकळत उभे असतात. परंतु त्यामुळे प्रेरणा बाहेरून आयती येते आणि जिच्यामुळे ती येते तिने नुसते सुंदर असले की पुरे, हा समज पक्का होत जातो. तो मला मुळीच मान्य नाही.

पेडणे तालुक्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी कलेचे जे काम अजून उरले आहे, ते एकदा जवळून पाहावे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी त्याची रीत आहे. थर वाळला की हातातली वेळ संपली. त्या कारागिराला ‘आज काही सुचत नाही’ असे म्हणण्याची सोयच नव्हती, आणि तरीही त्याच्या वेलींत डौल कमी नाही.

यावर कोणी वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण देईल. १९२४ साली नागपूरला गोमंतकीय कुटुंबात जन्मलेला हा चित्रकार वर्षाला मोजकीच चित्रे करीत असे, मग ते प्रेरणेची वाट पाहणे नव्हते काय? मला तसे वाटत नाही. रंगाचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे आणि मधल्या काळात कॅनव्हासकडे पाहत राहायचे, हे सगळे कामच होते. फक्त त्याला आवाज नव्हता.

खरा अन्याय होतो तो माणसांवर. प्रेरणा म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिची चित्रातली मेहनत कोणी मोजत नाही. सांग्यात जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवीत असत, आणि त्यांनी पत्नी फ्लोरेंटिना हिला अनेकदा समोर बसवून रंगवले. अशा चित्रात बाई निवांत दिसते तेव्हा आपण चित्रकाराचा हात वाखाणतो. तो निवांतपणा तासन्‌तास एकाच बैठकीत टिकवून धरणे किती कष्टाचे असते, हे ज्याने एकदा पाठ अवघडेपर्यंत बसून पाहिले आहे त्यालाच कळेल. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिकून आल्यावर आपल्या चित्रांत येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली, त्यावरून गोव्यात नाराजी ओढवून घेतली आणि पुढे पुण्यात राहून काम केले. त्यांच्या मरियेसाठी त्यांची पत्नी आयव्ही बसत असे. पर्वरीच्या झेवियर सेंटरमधली त्यांची चित्रे पाहताना आपण धर्म आणि शैली यांवर बोलतो, बसणारीविषयी चकार शब्द काढत नाही.

पेडण्याजवळच्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. राजा रवि वर्मा आणि चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या चित्रांमागे त्यांचे रूप होते, असे सांगितले जाते. पण त्या स्वतः भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका होत्या. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली, आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. एवढ्या कलावतीला कोणाची तरी प्रेरणा म्हणून ओळखायचे, हा मला करंटेपणा वाटतो.

हे मी तावातावाने लिहितो आहे त्याला कारण आहे. फोंड्याला आमच्या शेजारच्या मावशी सध्या माझ्या चित्रासाठी बसतात. दुपारी जेवणे आटोपली की त्या ओसरीवर खुर्ची ओढतात, उजवा हात गुडघ्यावर ठेवतात आणि उजेड सरकला की मी काही म्हणायच्या आत स्वतःच मान किंचित वळवतात. त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, कातडीचा एक फिकट पट्टा आहे. तो मला पहिल्या काही बैठकांत दिसलाच नव्हता, आणि तो दिसल्यावर सबंध हाताचा रंग मला नव्याने लावावा लागला. प्रेरणा असे काही असेल तर ती मला तिथे, बसून बसून, सापडली. आणि त्या बसण्यात अर्धा वाटा मावशींचा आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. कलाशाळांतून मॉडेल म्हणून बसणाऱ्यांना मानधन वेळेवर आणि धड मिळावे, आणि प्रदर्शनात चित्राखालच्या पाटीवर माध्यम व आकार लिहितो तसे बसणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, लिहावे. हा प्रस्ताव मी प्रथम मावशींपुढेच मांडला. त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘नांव कित्याक? पयलीं साडयेचो काठ सारको काड.’ काठ खरोखरच वाकडा आला आहे, तेव्हा उद्या दुपारी तो आधी.