पडौक लाकडाचा लाल रंग का उतरला: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गेल्या वर्षी आमच्याकडून बनवून घेतलेल्या पाच तारांच्या बेस गिटारवरचा लालभडक रंग दहा महिन्यांत विटकरी-तपकिरी झाला. पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) काढून त्याच्या खाचेच्या कडेवर स्पिरिटचा बोळा फिरवला तर कापूस लाल झाला, म्हणजे साध्या लाकडाला रंग फासून पडौक म्हणून विकलं. शिवाय बेस जड आहे, असं तुम्ही लिहिलंय. फसवणुकीचा आरोप आहे, त्यामुळे इथेच सगळ्यांसमोर उत्तर देतो.

लाकूड अस्सल अंदमानचं पडौकच आहे. कापूस लाल झाला तो त्यामुळेच. पडौकच्या गाभ्यात जो तांबडा रंग असतो तो स्पिरिटमध्ये सुटतो. पॉलिश करताना आम्हाला याचाच त्रास होतो, कारण शेजारी मेपलची पांढरी पट्टी असली तर ती गुलाबी पडते. तुमच्या बेसला मधली पट्टी मेपलऐवजी वेंगेची, म्हणजे गडद तपकिरी आफ्रिकी लाकडाची, सुचवली होती ती याच कारणाने. आता एक करून बघा. ब्रिजचे, म्हणजे अंगावर तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीचे, स्क्रू सोडवून ती उचला. तिच्याखाली उजेड पोचलेला नाही, तिथे लाकूड अजून लालच दिसेल. वरून रंग दिला असता तर फळीच्या आतपर्यंत, खाचेच्या कडेला तो सापडलाच नसता.

पडौकला ऊन आणि उजेड सोसत नाही. आम्ही अतिनील किरण अडवणारं लॅकर मारतो, पण त्याने रंग उतरण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. पर्पलहार्टचंही तेच, जांभळं असतं ते हळूहळू तपकिरीकडे जातं. फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं ते मधासारखं आणि मग त्याहून गडद होतं, पण ते मला तरी जुनं झाल्यावरच जास्त आवडतं.

हे सगळं तुम्हाला ऑर्डर घेतानाच सांगायला हवं होतं, आणि आम्ही सांगितलं नाही. नुकताच रंधा मारलेला, ओल्या फडक्याने पुसलेला तुकडा तुमच्या हातात दिला. त्या क्षणी पडौक जितकं लाल दिसतं तितकं पुन्हा कधीच दिसत नाही. चूक माझी आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता दुकानात प्रत्येक लाकडाचे दोन तुकडे टांगले आहेत, एक ताजा आणि एक वर्षभर खिडकीत ठेवलेला. निवड दुसऱ्याकडे बघून करायची, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो.

‘पडौकमुळे आवाज खणखणीत येईल’ असं आमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं होतं, हेही तुम्ही लिहिलंय. तसं बोलायला नको होतं. इलेक्ट्रिक बेसचा आवाज मुख्यतः तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्याच्या बोटांतून येतो. वरची पडौकची ६ मिलिमीटरची फळी डोळ्यांसाठी असते.

वजनाचा दोष मात्र त्या फळीवर टाकता येणार नाही. खालचं अंग तुणीचं आहे, मिरजेत सतारीला वापरतात तेच हलकं लाकूड. तेवढ्याच जाडीची तूण वर लावली असती तर वजन जेमतेम पाव किलोने कमी भरलं असतं. खरं वजन वेंगेच्या मानेत, तारा पिळायच्या पाच चाव्यांत आणि पितळी ब्रिजमध्ये आहे. आतून कप्पे कोरून अंग हलकं करू, असं मी सुचवलं होतं. तुम्हाला ते नको होतं, आणि ती तुमची पसंती होती.

आता पुढचं. बेस घेऊन या, दोन वाटा आहेत. वरचं लॅकर काढून अर्धा मिलिमीटर घासला तर लाल रंग परत येईल, पण वर्ष-दीड वर्षात पुन्हा उतरेल. फळी पातळ असल्यामुळे हे फार वेळा करता येणार नाही. नाहीतर पडौकची फळी काढून शिसवीची जोडफळी बसवतो. एकाच ओंडक्यातून पुस्तकासारखी उघडलेली, दोन्ही बाजूंच्या रेघा समोरासमोर जुळणारी. तिचा रंग असा उडत नाही. शिसवी पडौकपेक्षा किंचित जड आहे, तेव्हा त्याच वेळी कप्पे कोरायचे का तेही ठरवू. दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी लाकूड, मजुरी, पॉलिश सगळं आमच्याकडे. शिसवीला साधारण तीन आठवडे लागतील, कारण पावसाळ्यात लॅकर वाळायला वेळ घेतं. तोवर वाजवायला दुकानातला चार तारांचा बेस घेऊन जा.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी अकरानंतर या. मी स्वतः असेन.