काकांच्या फॉरवर्डला उत्तर, जरा लांबलेलं

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो मेसेज टाकला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल; वर जोडलेले हात, खाली सूर्यफुलं. मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशन हे मोबाइल पिढीचं फॅड, शेतात राबणाऱ्याला ते होत नाही. मेंदूतल्या रसायनांची गोष्ट खोटी होती हे शास्त्रज्ञांनीच कबूल केलंय, म्हणजे गोळ्या हा कंपन्यांचा धंदा. त्यांची जन्माची सवय लागते, उलट त्यांच्यामुळेच तरुण मुलं जीव देतात. एकदा सायकिॲट्रिस्टची पायरी चढलात की शिक्का बसला. त्यापेक्षा पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, चार माणसांत बसा.

मी पुण्यात सीएची आर्टिकलशिप करत होते तेव्हा, बाविसाव्या वर्षी, मला तीव्र डिप्रेशन झालं होतं आणि उपचार घेऊन मी बरी झाले. काकांना हे माहीत आहे. तरी त्यांच्यावर राग नाही, कारण मेसेज नुसता खोटा असता तर त्यांनीही पुढे ढकलला नसता. त्यात अर्धंमुर्धं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो.

शेताचं आधी उरकते. महाराष्ट्रात राहून "शेतकऱ्याला डिप्रेशन होत नाही" असं लिहायला वेगळीच हिंमत लागते. विदर्भातल्या गावांमध्ये 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चार जणांनी कुठे मदत मागितली होती. गावातच माणसं तयार करून दीड वर्ष काम केल्यावर तो आकडा सत्तावीसवर गेला. म्हणजे आजार होताच, दाखवायला कोणी जात नव्हतं. आणि "आमच्या वेळी नव्हतं" म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीची भाषा आठवावी. अमकीने हाय खाल्ली, तमक्याने अंथरूण धरलं, तिला बाहेरचं झालं. नावं होती की!

आता रसायनांचं. हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात हुशार मुद्दा आहे. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी झाल्यामुळे डिप्रेशन होतं याला ठोस पुरावा सापडत नाही असं म्हटलं. खरं आहे. 'केमिकल लोचा' हे स्पष्टीकरण फारच सोपं करून सांगितलं गेलं, त्यात डॉक्टरही आले. पण आजार का होतो आणि औषध लागू पडतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डोकं दुखतं ते अंगात क्रोसिन कमी पडली म्हणून नव्हे, तरी क्रोसिनने थांबतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात आहे: २१ औषधं, ५२२ चाचण्या, एक लाखाहून जास्त रुग्ण. सगळीच्या सगळी औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक चमत्काराएवढा नव्हता, मध्यमच होता, आणि कोणाला कोणतं लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. मला पहिली गोळी मानवली नाही. दुसरीने चौथ्या आठवड्यात फरक पडला. तो कसा कळला? मेसच्या आमटीत मीठ जास्त आहे हे जाणवलं. त्याआधी कित्येक दिवस चव नावाचा प्रकारच नव्हता.

सवयीबद्दल. दारूची लागते तशी सवय या गोळ्यांची लागत नाही. तलफ येत नाही, नशा होत नाही, डोस चढवत न्यावासा वाटत नाही. (झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र लागते, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात.) पण अचानक बंद केल्या तर शरीर कुरकुरतं. दिवाळीला घरी जाताना मी पाकीट खोलीवरच विसरले होते. भाऊबीजेपर्यंत चक्कर, मळमळ आणि मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखे झटके. म्हणून गोळ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या असतात. पहिल्याच खेपेचा आजार असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात. माझं सगळं मिळून चौदा महिन्यांत आटोपलं. काहींना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, हेही खरं. वजन वाढणं, पोट बिघडणं, लैंगिक इच्छा मंदावणं हे त्रास होतात आणि ते डॉक्टरला सांगितले पाहिजेत, लाजून गोळी बंद करू नये.

आणि "गोळ्यांमुळे तरुण जीव देतात"? इथे मी थांबून लिहिते, कारण ही ओळ वाचून एखाद्या आईने मुलाच्या गोळ्या फेकून दिल्या तर काय होईल या विचाराने मला झोप लागली नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली लहान मुलांसाठी असा इशारा पाकिटावर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो १८ ते २४ वयोगटापर्यंत वाढवला. म्हणजे मेसेजने हवेतून काढलेलं नाही. इशारा सांगतो काय? की या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत काही जणांच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवा. पंचविशीच्या पुढच्यांत तशी वाढ दिसली नाही, पासष्टीपुढे तर ते प्रमाण घटलेलं दिसलं. त्याच इशाऱ्यात हेही आहे की खुद्द डिप्रेशनमुळेच आत्महत्येचा धोका वाढतो. तो भाग मात्र फॉरवर्ड करताना गळतो. यातून निघणारी गोष्ट साधी आहे: सुरुवातीचे काही आठवडे एकटं राहू नका, पुढची तारीख चुकवू नका, बेचैनी वाढली तर तारखेची वाट न बघता फोन करा. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने ते डोक्यात भरतं अशी आपल्याकडे समजूत आहे. ते आधीपासूनच होतं. कोणीतरी आवाज न बदलता विचारलं म्हणून मला 'हो' म्हणता आलं.

शिक्क्याचं थोडं कायद्याने, थोडं प्रांजळपणे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय असते. तुमच्या ऑफिसला डॉक्टर परस्पर सांगू शकत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. भूल न देता विजेचे शॉक देण्यावर आणि साखळीने बांधण्यावर बंदी आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही तर काळजी आणि उपचार मिळाले पाहिजेत, असं हाच कायदा म्हणतो. लग्नाबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. स्थळं बघताना लोक अजूनही मागे सरकतात आणि "येरवड्याला जागा आहे का बघ" हा तिथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद पुण्यात अजून चालतो. पण उपचार न घेता, कामावर न जाता, खोलीत आठ महिने पडून राहिलेल्या मुलीलाही लोक नाव ठेवतातच. माझ्या बाबतीत ठेवून झालं होतं.

राहता राहिले सूर्यनमस्कार. काका, पहाटे उठा म्हणता ना? मी रोज साडेतीनलाच जागी असायचे. ठरलेल्या वेळी, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटून. तीव्र डिप्रेशनचं ते ओळखीचं लक्षण आहे. उजाडेपर्यंत छताकडे बघायचं आणि दात घासायला उठायचं की नाही यावर दोन तास घालवायचे. व्यायामाने फायदा होतो, माणसांत बसल्याने होतो, हे मीच सांगेन. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये नेमकं हेच करून पाहिलं गेलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटींत एकेक छोटी कृती ठरवली, ती जमली का विचारलं, नाही जमली तर आणखी छोटी केली. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. तुमच्या मेसेजमधला सल्लाच तो, पण शेजारी बसून दिलेला. ग्रुपवरून दिलेला नव्हे. मला अंथरुणातून उठायची ताकद गोळीने दिली. चालायला जाऊ लागले ती त्यानंतर.

कोणाला जायचं असेल तर: जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मनोविकार विभाग विचारा. तिथपर्यंत जाववत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टर बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील; त्यांत बिघाड असला तरी असंच गळून जायला होतं. कधी उलट, झोपेशिवाय अंगात वारं भरल्यासारखे दिवस गेले असतील तर तेही सांगा, त्यावर औषध बदलतं. आठवत नाही म्हणून लक्षणं कागदावर लिहून न्या. आणि जमलं तर कोणाला तरी सोबत न्या. बोलायला नाही, केसपेपरच्या रांगेत उभं राहायला. त्या दिवशी तेवढंच जमत नाही. माझ्या वेळी बाबा दीड तास उभे होते, मी बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते, आणि खिडकीवरच्या बाईंनी "पेशंट कोण?" विचारल्यावर त्यांनी माझं नाव मोठ्याने सांगितलं.